विद्यापीठ ग्रंथालयाच्या काउंटरमागे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काउंटरवर, ईमेलने आणि कधी कधी लिफ्टमध्ये गाठूनसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम प्रत्येक विद्यापीठात थोडे वेगळे असतात, कामाची रीत मात्र बरीचशी सारखीच.

१. तुमचं बरं आहे, दिवसभर पुस्तकंच वाचत बसता ना?

नाही. पुस्तकाची पाठ, शीर्षकपान, त्याच्या मागची बाजू, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची एवढं रोज वाचतो. बाकीचं वाचन तुमच्यासारखंच घरी नेऊन.

पुस्तकं आणि नियतकालिकं निवडणं, विकत घेणं, त्यांच्या नोंदी करणं, देवघेव, संदर्भसेवा, ऑनलाइन साधनांचे करार, जुन्या साहित्याचं जतन, शोधप्रबंधांचं भांडार सांभाळणं अशी कामं वाटलेली असतात. वाचकाला यातलं फक्त देवघेवीचं काउंटर दिसतं, त्यामुळे शिक्के मारणं हेच आमचं काम अशी समजूत होते. खरं तर या सगळ्या विभागांना कसोटी एकच लावता येते: जे इमारतीत आहे, किंवा ज्याचे पैसे भरले आहेत, ते मागणाऱ्याला सापडतं का? न सापडणारं पुस्तक नसल्यातच जमा. खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

२. काउंटरवर बसलेले सगळेच ग्रंथपाल असतात का? या कामासाठी काय शिकावं लागतं?

सगळे नसतात. काउंटरवर बहुतेक वेळा ग्रंथालय साहाय्यक किंवा अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी भेटतात. ग्रंथपालाच्या पदासाठी साधारणपणे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. एखाद्या विषयाचं दालन सांभाळायचं असेल आणि त्या विषयाची वेगळी पदवीही असेल, तर सोन्याहून पिवळं.

मुलाखतीत ‘मला पुस्तकांची आवड आहे’ हे सगळेच सांगतात. उपयोग होतो तो बारकाईने बघण्याच्या सवयीचा, आणि तोच प्रश्न दिवसात कितव्यांदा आला हे न मोजण्याचा. पाठ आणि गुडघेही धड हवेत, कारण भरलेली ट्रॉली ढकलायची, खालच्या कप्प्यासाठी उकिडवं बसायचं आणि वरच्यासाठी शिडी चढायची. जाहिरातीत हे क्वचितच लिहिलेलं असतं.

३. नवं पुस्तक आलंय हे मला माहीत आहे. मग ते शेल्फवर यायला इतके दिवस का?

खोका उघडल्यावर आधी बिलाशी ताळा होतो: तीच आवृत्ती आहे ना, प्रती तेवढ्याच आहेत ना. मग पानं चाळली जातात. एखादा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच) दोनदा बांधलेला किंवा गाळलेला असणं दुर्मिळ नाही, आणि एकदा शिक्का पडला की विक्रेता पुस्तक परत घेत नाही. त्यानंतर दाखल क्रमांक, शिक्के, वर्गीकरण, कॅटलॉगमधली नोंद, बारकोड किंवा रेडिओ लहरींनी वाचली जाणारी आरएफआयडी चिप, पाठीवरचं लेबल. मग कुठे ट्रॉली.

नोंदीचा भाग कधी पाच मिनिटांचा असतो, कधी अर्ध्या दिवसाचा. दुसऱ्या ग्रंथालयाने तेच पुस्तक आधी नोंदवलं असेल तर ती नोंद उतरवून घेऊन तपासली की झालं. हे शक्य झालं ते ‘मार्क’ या कॅटलॉग-नोंदींच्या संगणकीय साच्यामुळे. हेन्रिएट ॲव्रम यांनी तो १९६० च्या दशकात अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, तयार केला. १९६७ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या ओसीएलसीचा सामाईक कॅटलॉग आज जगभर वापरला जातो. पण छोट्या प्रकाशकाचं पुस्तक, खासगीरीत्या छापलेली पुस्तिका, कमी ग्रंथालयांत असलेल्या भाषेतलं काही आलं, की नोंद पहिल्यापासून करावी लागते. लेखकाचं नाव आधीच्या पुस्तकांवर कसं छापलंय, हा तोच लेखक की त्याच नावाचा दुसरा, विषयाची संज्ञा कोणती द्यायची, हे सगळं ठरवावं लागतं. घाईत चुकीची संज्ञा दिली तर पुस्तक शेल्फवर असूनही विषयाने शोधणाऱ्याला दिसत नाही.

तुम्हाला तातडीने हवं असेल तर तसं सांगा. कॅटलॉगमध्ये ‘प्रक्रियेत’ दिसत असलेलं पुस्तक मागितलं की ते रांगेत पुढे घेतलं जातं. ही सोय फार थोड्यांना माहीत असते.

४. पुस्तकाच्या पाठीवरचे ते आकडे कसे वाचायचे?

पहिली ओळ विषयाची, दुसरी बहुधा लेखकाच्या नावावरून आलेली, त्याखाली वर्ष, खंड किंवा प्रत. तिन्ही मिळून कॉल नंबर होतो.

विषयाचा आकडा कुठल्या पद्धतीतला हे ग्रंथालयावर अवलंबून असतं. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ मधली. तिच्यात ५१० म्हणजे गणित आणि ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत सुरुवात रोमन अक्षरांनी होते, आणि मोठी विद्यापीठं बऱ्याचदा ती वापरतात. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांची द्विबिंदू पद्धत १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात विषयाचे पैलू सुटे करून चिन्हांनी जोडतात. वर्गीकरण शिकताना ती सर्वांत बुद्धीला पटते आणि शेल्फवर पुस्तक शोधताना सर्वांत दमवते, असं माझं मत आहे.

वाचताना हमखास फसगत होते ती दशांशचिन्हापाशी. ५१०.१२ हे ५१०.२ च्या आधी येतं, कारण चिन्हाच्या पुढचा आकडा ‘बारा’ नसून ‘एक, दोन’ आहे. आपलं पुस्तक नाही असं वाटलं की आधी हे तपासा.

५. कॅटलॉगमध्ये ‘उपलब्ध’ दिसतंय, पण पुस्तक जागेवर नाही. हे कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रागाने विचारला जाणाराही. ‘उपलब्ध’ म्हणजे पुस्तक कुणाच्या नावावर दिलेलं नाही, इतकंच. कॅटलॉगला ते कुठे असायला हवं हे माहीत असतं. ते आत्ता कुठे आहे हे नाही.

मग ते कुठे असू शकतं? वाचनकक्षातल्या टेबलावर. सकाळी परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर. झेरॉक्स यंत्राच्या झाकणावर. कप्प्यात मागे घसरून दोन रांगांच्या मधल्या फटीत. किंवा जवळच दुसऱ्या कप्प्यात, कारण ठेवणाऱ्याने ५३०.१४ चं ५३०.४१ वाचलं. परीक्षा जवळ आली की आणखी एक प्रकार वाढतो. मागणी असलेलं पाठ्यपुस्तक कुणीतरी मुद्दाम भलत्याच विषयात, जिथे फारसं कुणी फिरकत नाही अशा मजल्यावर दडवून ठेवतं. दडवणाऱ्याला वाटतं, आपण फार हुशार. पण दडवण्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या आम्हाला पाठ असतात.

शोधायलाही रीत आहे. आधी नेमक्या जागेच्या डावी-उजवीकडे, मग वरचा आणि खालचा कप्पा. मग आकड्यांची अदलाबदल करून जिथे जाऊ शकेल तिथे. मग त्याच लेखकाची इतर विषयांतली पुस्तकं, मोठ्या आकाराच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा, नव्या पुस्तकांची मांडणी, बांधणीसाठी काढलेला गठ्ठा. काउंटरवर ‘शोध विनंती’ दिलीत की हेच सगळं केलं जातं, आणि तेवढ्याने नाही मिळालं तर काही दिवसांनी पुन्हा. दुसऱ्या फेरीत पुस्तक सापडण्याचं कारण साधं असतं: मधल्या काळात ते टेबलावरून किंवा ट्रॉलीवरून जागेवर आलेलं असतं. अनेक फेऱ्या होऊनही नाही मिळालं तर नोंद ‘गहाळ’ अशी बदलतो. नोंद लगेच काढून टाकत नाही, कारण गहाळ पुस्तकं परत येतात.

यावर खरा उपाय म्हणजे शेल्फ रीडिंग: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाठ वाचत जायचं आणि क्रम चुकलेलं पुस्तक उचलायचं. कंटाळवाणं काम, आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर डोळे चुका गिळायला लागतात, म्हणून ते तुकड्यातुकड्याने वाटून देतात. कामाच्या अहवालात या कामाला एखादी ओळसुद्धा मिळत नाही. माझ्या मते ग्रंथालयातलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे.

चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू आणि चोरीला गेलेली वस्तू यांत फरक करणं किती कठीण असतं, हे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अनुभवलं आहे. चार्ल्स डार्विन यांच्या दोन वह्या, त्यातल्या एकीत १८३७ मध्ये काढलेली जीवनवृक्षाची आकृती, २००० साली छायाचित्रणासाठी बाहेर काढल्या होत्या. जानेवारी २००१ मधल्या तपासणीत त्या जागेवर नव्हत्या. कुठेतरी चुकून ठेवल्या गेल्या असतील, असंच अनेक वर्षं धरलं गेलं आणि शोध चालू राहिला. चोरीची शक्यता जाहीर झाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये. मार्च २०२२ मध्ये कुणीतरी त्या एका गुलाबी पिशवीत घालून ग्रंथालयातच ठेवून गेलं, तेही सुस्थितीत.

६. वाचून झालेलं पुस्तक मी स्वतः जागेवर ठेवतो, तर ‘ठेवू नका’ अशी पाटी का?

एक कारण वरच्याच उत्तरात आहे. दुसरं मोजणीचं. टेबलावर सोडलेली पुस्तकं गोळा करताना बऱ्याच ग्रंथालयांत ती स्कॅन होतात आणि ‘इमारतीत वापरलं’ अशी नोंद होते. तुम्ही गुपचूप परत ठेवलंत तर कागदोपत्री ते पुस्तक कुणी उघडलंच नाही असं दिसतं, आणि बाद करण्याच्या यादीत ते एक पायरी वर सरकतं (पाहा प्रश्न ११).

७. मी सुचवलेलं पुस्तक घेता का? की सगळं प्राध्यापकच ठरवतात?

वाचकाची सूचना खरोखर वाचली जाते. अभ्यासक्रमातली पुस्तकं आणि प्राध्यापकांच्या शिफारशी आधी जातात, त्यानंतर संशोधकांच्या गरजा, मग बाकीच्या सूचना. सूचनेसोबत ‘कशासाठी हवं आहे’ हे एका वाक्यात लिहिलं असेल तर निर्णय पटकन होतो. ‘चांगलं पुस्तक आहे’ यावरून काही ठरवता येत नाही.

नकाराची कारणं बहुधा अशी: दुसऱ्या विभागात प्रत आहे, छपाई बंद आहे, किंवा पैसे संपलेत. पैसे कुठे जातात ते पुढच्या उत्तरात.

८. एवढं मोठं अंदाजपत्रक असतं, तरी पुस्तकांना पैसे का उरत नाहीत?

बराचसा पैसा संशोधन नियतकालिकांच्या वर्गणीत जातो. मोठे प्रकाशक शेकडो नियतकालिकांचा एकच गठ्ठा विकतात. त्यातली काही रोज उघडली जातात, काही वर्षभर कुणी बघत नाही, पण निवडक घ्यायला गेलं तर एकेकाची किंमत अशी लावलेली असते की गठ्ठाच परवडावा. कुठलं नियतकालिक किती वापरलं गेलं याचे आकडे ‘काउंटर’ नावाच्या प्रमाणित पद्धतीने मिळतात. वर्षाअखेरीला ते घेऊन बसणं हे अनेकांच्या कामाचं मोठं प्रकरण असतं.

कधी कधी ग्रंथालयं उठून निघूनही जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाशी चाललेली बोलणी मोडली आणि दोन वर्षं करार नव्हता. २०२१ मध्ये झालेल्या करारात त्या विद्यापीठाच्या संशोधकांचे लेख सर्वांना खुले ठेवण्याची तरतूद आली. मधल्या काळात लेख मिळवायला आंतरग्रंथालयीन सेवा होतीच (प्रश्न १६). प्रत्येक विद्यापीठाला हे झेपेलच असं नाही. ज्यांच्या पाठीशी त्यांचे प्राध्यापक उभे राहतात, त्यांनाच झेपतं.

९. ई-पुस्तक आहे, मग ‘सध्या दुसरा वाचक वापरत आहे’ असं का येतं?

कारण परवाना एका वेळी एकाच वाचकाचा घेतलेला आहे. ग्रंथालयांना ई-पुस्तक कितीजणांनी एकाच वेळी वाचायचं यानुसार वेगवेगळ्या किमतींना मिळतं: एक वाचक, तीन वाचक, कितीही. वर्गातल्या सगळ्यांना एकाच रात्री लागणारी पाठ्यपुस्तकं तर कित्येक प्रकाशक ग्रंथालयांना ई-रूपात विकतच नाहीत. तुमच्या हाती एकच गोष्ट आहे: वाचून झालं की टॅब बंद करा. विसरून उघडी ठेवलेली एक टॅब दुसऱ्याला बाहेर ठेवते.

१०. शिक्षण संपलं आणि ऑनलाइन प्रवेश बंद झाला. एका दिवसात मी परका कसा?

प्रकाशकाशी झालेल्या करारात ‘अधिकृत वाचक’ कोण ते लिहिलेलं असतं: सध्याचे विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी. माजी विद्यार्थी त्यात बहुधा नसतात. पण बऱ्याच करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या पाहुण्यालाही वापरता येईल असं कलम असतं. म्हणजे घरून नाही, तरी इथल्या संगणकावर बसून वाचता येतं. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

याच संदर्भातला एक अवघड प्रकार: सकाळी अचानक संपूर्ण विद्यापीठाचाच एखाद्या प्रकाशकाकडचा प्रवेश बंद पडतो. बहुतेक वेळा कुणीतरी रात्री छोटा प्रोग्रॅम लिहून शेकडो लेख एकदम उतरवायला लावलेले असतात. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते चोरीसारखं दिसतं आणि ती विद्यापीठाचा इंटरनेटवरचा पत्ताच अडवते. मग खातं शोधा, प्रकाशकाला पत्र लिहा, विद्यार्थ्याला बोलवा. त्याला खरोखरच मजकुराचं संगणकीय विश्लेषण करायचं असतं. आधी सांगितलं असतं तर बऱ्याच करारांत त्याची रीतसर सोय असते.

११. चांगली पुस्तकं तुम्ही बाद करता, हे पाप नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खरं दुःख असतं, म्हणून थोडं सविस्तर.

शेल्फ गच्च भरलं की काम बिघडतं. नवं पुस्तक त्याच्या जागी घुसवता येत नाही, पुस्तकं आडवी पडतात, पाठी फाटतात आणि प्रश्न ५ मधलं सगळं सुरू होतं. म्हणून साठा अधूनमधून पाहावा लागतो. फाटलेलं, बुरशी आलेलं, नव्या आवृत्तीने जुनं झालेलं, एकाच पुस्तकाच्या नको इतक्या प्रती असलेलं काढलं जातं. वापराचा आकडा बघतात, पण तेवढ्यावर कुणीही शहाणा ग्रंथपाल निर्णय घेत नाही. जवळपासच्या दुसऱ्या कुठल्याच ग्रंथालयात नसलेली प्रत असेल तर ती ठेवली जाते, मग ती कुणी कधीच उघडली नसली तरी चालेल.

विषयागणिक नियम उलटे होतात. औषधांच्या मात्रा सांगणारी जुनी आवृत्ती शेल्फवर ठेवणं धोक्याचं. पण वैद्यकाचा इतिहास शिकणाऱ्याला नेमकी तीच हवी असते, म्हणून एक प्रत तिकडे जाते. गणित फारसं शिळं होत नाही. संगणकाच्या एखाद्या प्रणालीची मार्गदर्शिका दोन-तीन वर्षांत होते.

बाद झालेलं सगळं रद्दीतच जातं असं नाही. काही विक्रीला, काही दुसऱ्या ग्रंथालयांना. रद्दीतही जातं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

१२. माझं पुस्तक ‘बाह्य भांडारात’ आहे म्हणे. म्हणजे कुठे? आणि यायला वेळ का लागतो?

कमी मागणीची पुस्तकं गावाबाहेरच्या, हवा नियंत्रित केलेल्या गोदामात ठेवण्याची पद्धत हार्वर्डने १९८६ मध्ये उभारलेल्या भांडारापासून रूढ झाली. तिथे विषयाचा क्रम नसतो. पुस्तकं उंचीप्रमाणे ट्रेमध्ये भरतात, म्हणजे वरती मोकळी जागा वाया जात नाही. भूगोलाशेजारी पाककृती, तिच्याशेजारी व्याकरण, फक्त तिघांची उंची सारखी. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचं स्विंडन इथलं भांडार २०१० मध्ये याच रीतीने सुरू झालं. शिकागो विद्यापीठाने २०११ मध्ये मानसुएटो ग्रंथालयाखाली जमिनीतच भांडार केलं. तिथे यांत्रिक क्रेन ट्रे काढून देतात आणि त्याची क्षमता सुमारे ३५ लाख खंडांची आहे.

अशा ठिकाणी फिरता फिरता शेजारचं पुस्तक हाती लागण्याची मजा नाही, हे खरंच. त्याऐवजी कॅटलॉगमध्ये शेजारचे कॉल नंबर उलगडून पाहता येतात. तेवढीच भरपाई.

१३. घरातली पुस्तकं विद्यापीठाला दान करायची आहेत. खोके आणून ठेवू का?

कृपया आधी यादी पाठवा. दानातली बरीच पुस्तकं आमच्याकडे असतात, आणि नसलेल्या प्रत्येकावर प्रश्न ३ मधला सगळा खर्च होतो. ‘संग्रह एकत्रच ठेवा, वेगळं कपाट द्या’ अशा अटी सहसा मान्य होत नाहीत. हस्तलिखितं, पत्रं, समासात टिपणं केलेल्या प्रती, स्थानिक छापखान्यांतून निघालेल्या पुस्तिका असं काही असेल तर मात्र यादी करायच्याही आधी फोन करा. आणि बुरशी दिसत असेल तर ते आधी सांगा. एक बुरसटलेला खोका शेजारच्या पुस्तकांनाही लागतो.

१४. पुस्तक भिजलं. उन्हात वाळवून आणू?

नको. उन्हाने कागद वाकडा होतो आणि बांधणी सुटते. साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून भिजलेलं पुस्तक लगेच आणून द्या आणि काय सांडलं ते खरं सांगा. पाणी असेल तर पुष्कळदा वाचतं. गुळगुळीत चकचकीत कागद मात्र ओला राहिला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि मग ती सुटत नाहीत.

मोठ्या प्रमाणावर भिजलं तर पुस्तकं सरळ गोठवतात. त्याने बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. नंतर निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून ती सुकवतात. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा चार लाखांहून अधिक खंड याच मार्गाने गेले. ग्रंथालयात तळघर आणि पाण्याचे नळ शेजारी असले की आम्हाला झोप कमी लागते.

आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो, आणि ती काढणं हे फाटलेलं जोडण्यापेक्षा अवघड असतं.

१५. एआयने दिलेला संदर्भ तुमच्याकडे सापडत नाही. मागवून द्याल का?

आधी तो लेख अस्तित्वात आहे का ते पाहू. असे संदर्भ आता सारखे येतात: लेखक खरा, नियतकालिक खरं, शीर्षक अगदी पटण्यासारखं, आणि लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. तपासायची सोपी रीत: त्या नियतकालिकाचा तो खंड उघडा आणि दिलेल्या पानांवर काय आहे ते बघा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख-क्रमांक, दिला असेल तर तो उघडून पाहा. बऱ्याचदा तो भलत्याच लेखाकडे नेतो.

लाजण्याचं कारण नाही. अर्धवट किंवा चुकीच्या माहितीवरून माणसाला काय हवंय ते शोधणं हे संदर्भ विभागाचं जुनंच काम आहे. ‘निळ्या मुखपृष्ठाचं ते पुस्तक’ हा प्रश्न एआयच्या कितीतरी आधीचा. एआयने दिलेला लेख मिळणार नाही, पण ज्या मुद्द्यासाठी तो हवा होता त्यावरचे खरे लेख मिळतील. तो मुद्दा सांगा.

१६. दुसऱ्या विद्यापीठातलं पुस्तक इथे बसून मिळतं का?

मिळतं, आंतरग्रंथालयीन देवघेवीतून. लेखाचं किंवा एखाद्या प्रकरणाचं स्कॅन लवकर येतं, पण आख्ख्या पुस्तकाचं स्कॅन कॉपीराइटमुळे मिळत नाही. संदर्भग्रंथ, दुर्मिळ पुस्तकं आणि नुकतीच आलेली पाठ्यपुस्तकं सहसा कुणी बाहेर पाठवत नाही. आश्चर्य वाटतं ते ई-पुस्तकांचं: कागदी पुस्तक शेकडो मैलांवरून येतं, पण दुसऱ्याचं ई-पुस्तक परवान्यामुळे पलीकडच्या इमारतीतूनही मिळत नाही. आलेल्या पुस्तकाची मुदत आणि अटी पाठवणाऱ्या ग्रंथालयाच्या असतात. तिथे आमची ओळख चालत नाही.

१७. मला हवं असलेलं पुस्तक कुणाकडे आहे ते सांगा, मी त्याच्याकडूनच घेतो.

सांगणार नाही. तुम्ही प्राध्यापक असलात, तो तुमचाच विद्यार्थी असला, तरी नाही. पुस्तक राखून ठेवा, मुदत संपण्याआधी परत मागवता येत असेल तर ते आम्ही मागवू. कोण काय वाचतं हे गुप्त ठेवण्याचं कर्तव्य अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतही होतं, आणि जगभरच्या ग्रंथालयांत ते मानलं जातं. अनेक ठिकाणी पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव आणि पुस्तक यांचा दुवाच पुसला जातो. त्याची गैरसोयही आहे. ‘गेल्या वर्षी मी नेलेलं ते पुस्तक कोणतं’ हे मग आम्हालाही सांगता येत नाही.

अपवाद कायदेशीर आदेशाचा. तो आला तर काउंटरवरचा माणूस काही देत नाही, आदेश मुख्य ग्रंथपालांकडे आणि विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे जातो. पालकांनी फोन करून विचारणं हा आदेश नव्हे.

१८. पुस्तक मी परत केलंय, तरी खात्यावर दिसतंय. आता?

लगेच सांगा, भांडू नका. आधी शेल्फ बघितलं जातं, कारण स्कॅन न होताच पुस्तक जागेवर गेल्याची उदाहरणं आहेत. दरम्यान खात्यावर ‘परत केल्याचा दावा’ अशी खूण होते आणि विलंबशुल्क थांबतं. प्रश्न ५ मधल्या रीतीने शोध होतो. मिळालं तर खातं साफ. आणि हो, तुमची बॅग आणि पलंगाखालची जागाही एकदा बघा. मिळण्याची ती दुसरी नेहमीची ठिकाणं.

१९. पीएचडी सादर केली, पण प्रबंध इतक्यात कुणाला दिसू नये असं वाटतं. चालतं का?

ठरावीक काळापुरतं चालतं. पेटंटचा अर्ज, प्रकाशकाशी झालेला करार, मुलाखत दिलेल्यांची सुरक्षितता अशा कारणांसाठी प्रबंधाचा मजकूर काही काळ बंद ठेवता येतो. शीर्षक आणि सारांश मात्र दिसत राहतात. म्हणून सारांशात गुपित लिहू नका. अर्ज प्रबंध जमा करण्याआधी करायचा. एकदा खुल्या भांडारात गेलेला मजकूर शोधयंत्रांनी उचललेला असतो, आणि मग ‘काढून टाका’ म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही.

२०. विद्यार्थी असताना नेलेलं पुस्तक कित्येक वर्षं घरीच राहिलं. आता आणून दिलं तर दंड किती होईल?

आणा. इतक्या जुन्या प्रकरणात विलंबशुल्काला बहुतेक ठिकाणी कमाल मर्यादा असते, आणि पुस्तकाची किंमत तुमच्याकडून तेव्हाच वसूल झाली असेल तर दंडाचा प्रश्नच नाही. काउंटरवर आधी तीन गोष्टी तपासतील: नोंद अजून आहे का, बदली प्रत विकत घेतली होती का, आणि पुस्तक कोणत्या स्थितीत आहे. बदली प्रत असेल आणि हे जुनं झालं असेल, तर बाद केल्याचा शिक्का मारून ते तुम्हालाच परत मिळू शकतं. छपाई बंद झालेलं असेल तर मात्र ते पुन्हा दाखल होतं. परतीच्या पेटीत गुपचूप टाकलंत तरी हेच सगळं करावं लागतं, फक्त विचारायला समोर कुणी नसतं. म्हणून जुना दाखल क्रमांक दिसत असेल ते पान उघडून, प्रत्यक्ष काउंटरवर द्या.